गणपतीतल्या ट्रकबंदीची शेवटची ओळ

दरवर्षी गणपतीच्या थोडं आधी एक सरकारी आदेश निघतो. मुंबई-गोवा महामार्गावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत सोळा टनांहून जड वाहनांना बंदी. चाकरमानी तो व्हॉट्सअ‍ॅपवर एकमेकांना पाठवतात, यंदा तरी वडखळला अडकायला नको असं म्हणतात आणि वडखळला अडकतात. आदेशाचा वरचा परिच्छेद सगळे वाचतात. खाली, जिथे डोळे थकतात तिथे, सूट कोणाला ते लिहिलेलं असतं. दूध, भाजीपाला, गॅस, पेट्रोल-डिझेल, औषधं. गेल्या काही वर्षांतल्या आदेशांत याच यादीला लागून आणखी एक ओळ सापडते: जेएनपीटी आणि जयगड बंदरांच्या आयात-निर्यात मालाची वाहतूक. जेएनपीटी म्हणजे न्हावा-शेव्याचं बंदर, आताचं जेएनपीए; जयगड रत्नागिरी जिल्ह्यातलं.

दुधाचं समजतं. बंदराचा माल दुधाच्या पंगतीला कसा येऊन बसला? ही ओळ कोणी मागितली ते आदेशात नसतं, तशी लिहायची पद्धतही नाही. पण अशा ओळी रानातल्या टाकळ्यासारख्या आपोआप उगवत नाहीत. कोणीतरी विचार केलेला असतो, कोणीतरी पत्र लिहिलेलं असतं, कोणीतरी ते योग्य टेबलावर योग्य दिवशी ठेवलेलं असतं. मी काही वर्षं एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत असली पत्रं टाईप केली आहेत, म्हणून या कामाबद्दल थोडं सांगतो.

इंग्रजीत याला लॉबिंग म्हणतात. शब्द ऐकला की बंद खोली आणि जाड पाकीट डोळ्यांपुढे येतं. पाकिटाला लाच म्हणतात, त्याचा कायदा वेगळा. लॉबिंग म्हणजे आपण ज्याला निवेदन देणं, शिष्टमंडळ नेणं, शब्द टाकणं, पाठपुरावा करणं म्हणतो ते. गावची वस्तीची एस.टी. बंद झाली म्हणून आगारप्रमुखाला भेटायला गेलेले चार म्हातारे लॉबिंगच करत असतात. बंदरवाल्यांचं काम याच जातीचं. फरक इतकाच की त्यांच्याकडे या कामाला पगारी माणूस असतो, आणि आपल्याकडे ज्याला त्या दिवशी भात लावणीतून सवड मिळाली तो.

रस्त्यासाठी बंदरवाले एवढे हातघाईवर का येतात, हे कळायला थोडं गणित करावं लागतं. जयगडचं खासगी बंदर २००९ साली सुरू झालं. तिथे पाणी खोल, म्हणून केपसाईझ नावाची राक्षसी जहाजं थेट लागतात. अशा एका जहाजात दीड-पावणेदोन लाख टन कोळसा किंवा खनिज मावतं. आपण एक लाख साठ हजार धरू. पंचवीस टनांच्या ट्रकने तो न्यायचा तर ६,४०० ट्रक लागतात. हे ट्रक रिकामे परत येणार, म्हणजे निवळी फाट्यावरच्या चहावाल्यासमोरून एका जहाजापायी १२,८०० वेळा ट्रक जाणार. तोच माल रेल्वेने न्यायचा तर एका मालगाडीत, धंद्याच्या भाषेत एका रेकमध्ये, चार हजार टनांच्या आसपास बसतो. म्हणजे ४० रेक. आणि आठ हजार टनांच्या छोट्या जहाजांनी न्यायचा तर २० फेऱ्या.

हा शेवटचा मार्ग खरोखर वापरात आहे. जयगडला मोठ्या जहाजातून उतरलेला माल छोट्या जहाजांत भरून किनाऱ्याकिनाऱ्याने धरमतरच्या खाडीत नेतात, तिथून तो पेणजवळच्या डोलवीच्या पोलाद कारखान्यात जातो. सहसा कोणाच्या नजरेला न पडणारी ही वाहतूक रस्त्यावर आली असती तर पेणकरांनी काय केलं असतं, विचार करा. पण ही सोय ज्याचा कारखाना खाडीकाठी आहे त्यालाच. कोल्हापूर-सांगलीच्या गिऱ्हाईकाला आंबा घाट चढण्यावाचून गत्यंतर नाही. जयगडहून कोकण रेल्वेला जोडणारी साधारण ३४ किलोमीटरची लाईन संगमेश्वर तालुक्यातल्या डिंगणीपर्यंत न्यायची असं ठरून दशक उलटलं. गाडी अजून धावलेली नाही.

आणि माल यार्डातून हलला नाही तर काय होतं? यार्ड भरतं, पुढचं जहाज रिकामं करायला जागा उरत नाही. जहाज ठरल्यापेक्षा जास्त दिवस थांबलं की दर दिवसाचा दंड सुरू होतो, त्याला डेमरेज म्हणतात. तो डॉलरमध्ये असतो. घाटात दरड कोसळली की इथे एजंटाच्या पोटात गोळा येतो तो यासाठी. एकदा ज्या व्यापाऱ्याला डेमरेज बसलं तो पुढच्या खेपेला गुजरातचं बंदर धरतो. त्यामुळे बंदराच्या मालकाला समुद्रापेक्षा रस्त्याची काळजी जास्त.

आता गंमत अशी की हा रस्ता त्याच्या हातात नाही, आणि कुठल्याही एका सरकारच्याही हातात नाही. राज्यघटनेप्रमाणे जेएनपीए किंवा मुंबईसारखी मोठी बंदरं केंद्राची. बाकीची बंदरं समवर्ती यादीत, आणि त्यांचा कारभार १९९६ पासून आपलं महाराष्ट्र सागरी मंडळ पाहतं. राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे केंद्राकडे, त्यातही कोकण रेल्वे हे केंद्र आणि चार राज्यांनी मिळून उभं केलेलं वेगळं महामंडळ. कस्टम केंद्राचं. महामार्ग सोडून बाकीचे रस्ते राज्याचे, त्यात पुन्हा प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे, ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे. बंदराच्या फाटकातून निघालेला ट्रक तासाभरात तीन-चार खात्यांच्या हद्दी ओलांडतो, आणि प्रत्येक खात्याचं म्हणणं असतं की खड्डा पुढच्याचा आहे.

एवढी दारं एकट्याने ठोठावणं परवडत नाही म्हणून संघटना निघतात. केंद्राच्या मोठ्या बंदरांची इंडियन पोर्ट्स असोसिएशन १९६६ पासूनची. खासगी बंदरं आणि टर्मिनलवाल्यांची वेगळी. जहाजमालकांची वेगळी, शिपिंग एजंटांची वेगळी, कस्टमचं काम करणाऱ्यांची वेगळी, कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरवाल्यांची वेगळी. बाहेरून सगळे बंदरवालेच दिसतात. आत प्रत्येकाचं पोट वेगळ्या ठिकाणी.

पण खर्च वाचवणं हे संघटनेचं दुय्यम कारण. मुख्य कारण भाषेत आहे. एका बंदराने जाऊन सांगितलं, 'आमच्या फाटकापर्यंत चौपदरी रस्ता करून द्या,' तर ती मेहरबानी ठरते. अधिकारी बिचकतो, उद्या विरोधी पक्ष विचारेल या एकाच कंपनीचे लाड का. संघटनेने सांगितलं, 'देशातल्या सर्व बंदरांना लास्ट माईल कनेक्टिव्हिटी हवी,' की तेच मागणं धोरण होतं. रस्ता तोच, डांबर तेच. २०१५ मध्ये केंद्राने बंदरविकासाच्या सागरमाला कार्यक्रमाला मंजुरी दिली, २०१६ मध्ये त्याचा राष्ट्रीय आराखडा आला, आणि त्यात 'बंदर जोडणी' असा एक अख्खा कप्पा आहे. एकदा असा कप्पा तयार झाला की पुढचं काम सोपं. तक्त्यात आपल्या रस्त्याचं नाव घालून घ्यायचं. तक्त्यात नाव नसलेल्या रस्त्यासाठी उपोषण करावं लागतं, असलेल्या रस्त्यासाठी फक्त आठवण.

संघटनेची बैठक मात्र बाहेरच्यांना वाटते तशी एकजुटीची नसते. जयगड, दिघी, जेएनपीए, सगळे एकाच व्यापाऱ्याच्या मागे. कर कमी करा, परवाने लवकर द्या, गाळ उपसायच्या परवानगीला वर्षं लावू नका, यावर सगळ्यांचं एकमत. कोणत्या बंदराची रेल्वे आधी, हा विषय निघाला की चहा येतो. त्यामुळे संघटनेच्या निवेदनात सगळ्यांना चालतील अशा गुळमुळीत मागण्या वर असतात, आणि खरी खेच सभासद आपापल्या ओळखीने वेगळी करतात. कुठलंही निवेदन वाचताना त्यात काय नाही ते आधी पाहावं, तिथेच भांडण झालेलं असतं.

मग निवेदन जातं कधी? मी टाईप करायला लागलो तेव्हा मला वाटायचं अडचण आली की पत्र जातं. तसं नसतं. त्याचं पंचांग असतं. केंद्राचा अर्थसंकल्प १ फेब्रुवारीला, म्हणून कर-सवलतीच्या मागण्या दिवाळीनंतर लगेच जातात. जानेवारीत गेलेलं पत्र म्हणजे वरात गेल्यावर पोचलेला आहेर. मोटार वाहन कायद्याखाली नियम करायचे तर आधी मसुदा प्रसिद्ध करून हरकती-सूचना मागवाव्या लागतात, बहुधा तीस दिवसांची मुदत असते. नव्या कायद्यांच्या मसुद्यासाठीही केंद्राने २०१४ साली असंच किमान तीस दिवसांचं धोरण घालून दिलं, पाळलं जातं तेव्हा जातं. विधेयक संसदेत गेलं आणि ते स्थायी समितीकडे पाठवलं तर समिती संघटनांना बोलावून म्हणणं ऐकते. मोठ्या बंदरांच्या कारभाराचं २०१६ चं विधेयक असंच परिवहन विषयाच्या स्थायी समितीपुढे गेलं होतं. शेवटी कायदा झाला तो २०२१ मध्ये. पाच वर्षं एका कायद्याच्या मागे राहायला पगारी माणूसच लागतो.

मसुद्यावरच्या सूचनांत आवेश नसतो, हे आंदोलनं पाहिलेल्या कोकणी माणसाला चमत्कारिक वाटेल. धिक्कार नाही, निषेध नाही. डावीकडे मसुद्यातलं कलम, उजवीकडे 'सुचवलेला मजकूर', शेजारी दोन ओळींचं कारण. 'आणि' च्या जागी 'किंवा'. 'सर्व वाहने' च्या पुढे 'खालील वाहने वगळून'. खात्यातल्या अवर सचिवाला पुढे तेच लिहायचं असतं, त्याला आयता मजकूर मिळतो. तो आळशी असतो म्हणून नव्हे. त्याच्याकडे बंदर, जहाज, ट्रेलर यांची माहिती असलेला दुसरा कोणी आलेलाच नसतो. आकडे देणारा एकच माणूस दारात असेल तर फायलीत त्याचेच आकडे जाणार. या एका गोष्टीत लॉबिंगची निम्मी ताकद आहे, असं माझं मत. उरलेली निम्मी म्हणजे निवृत्त अधिकारी, सल्लागार कंपन्यांचे जाडजूड अहवाल आणि पंचतारांकित हॉटेलातली परिषद, जिथे सचिव भाषण करतात आणि जेवणाच्या रांगेत त्यांच्यामागे कोण उभं राहायचं ते आधीच ठरलेलं असतं.

बंदरवाल्यांचं सगळंच होतं असंही नाही, कारण समोरही संघटनाच असते. २०१८ चं कॅबोटाजचं उदाहरण घेऊ. कॅबोटाज म्हणजे देशातल्या देशात, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा हक्क फक्त आपल्या झेंड्याच्या जहाजांना, परदेशी जहाजाला न्यायचा तर परवाना हवा, असा नियम. बाहेर जाणारे आपले बरेच कंटेनर छोट्या जहाजांनी कोलंबो किंवा सिंगापूरला जातात आणि तिथे मोठ्या जहाजावर चढतात. कंटेनर हाताळणाऱ्यांचं म्हणणं, परदेशी जहाजांना किनाऱ्यावर फिरू द्या, म्हणजे हे कंटेनर आपल्याच बंदरात गोळा होतील. भारतीय जहाजमालकांचं म्हणणं, घरचा थोडाफार धंदा तेवढा उरलाय, तोही परक्याला देताय. मे २०१८ मध्ये सरकारने आयात-निर्यातीच्या आणि रिकाम्या कंटेनरांपुरती परवान्याची अट काढली. देशांतर्गत माल बहुतांशी तसाच ठेवला. दोन संघटनांच्या ओढाताणीची खूण त्या 'पुरती' या शब्दात दिसते.

युरोपात तर बंदर-सेवा स्पर्धेला खुल्या करायचा कायदा युरोपीय संसदेने २००३ मध्ये फेटाळला आणि २००६ मध्ये पुन्हा फेटाळला. दुसऱ्या खेपेला गोदी कामगार थेट स्ट्रासबर्गच्या रस्त्यावर उतरले होते. सौम्य केलेला कायदा शेवटी २०१७ मध्ये झाला.

कधी कधी बंदरांना तोंडही उघडावं लागत नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. मागच्या चार टायरच्या एका धुरीवर (अ‍ॅक्सलवर) १०.२ टनांऐवजी ११.५ टन, सर्वांत मोठ्या गाड्यांना एकूण ४९ ऐवजी ५५ टन. वाहतूक स्वस्त व्हावी हा हेतू. तेवढ्याच ट्रकांत जास्त माल गेला तर बंदराला आनंदच. पण रस्ते बांधणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे: रस्त्याची झीज धुरीवरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. १०.२ चे ११.५ म्हणजे वजन तेरा टक्क्यांच्या आसपास जास्त, आणि त्या एका धुरीने होणारी झीज साठ टक्क्यांच्या आसपास जास्त. फेऱ्या कमी झाल्याने यातलं काही भरून निघतं, सगळं नाही. फायदा माल पाठवणाऱ्याच्या वहीत जमा होतो आणि झीज बांधकाम खात्याच्या. या दोन वह्या एकाच टेबलावर उघडून ठेवणारी संघटना मला कधी भेटली नाही.

कोणी कोणाला कशासाठी भेटलं, हे कळायची सोय आपल्याकडे जवळजवळ नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी करून विषय आणि खर्च जाहीर करावा लागतो. आपल्या लोकसभेत २०१३ साली अशा नोंदणीसाठी एक खासगी विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. उरतो माहितीचा अधिकार. तो वापरून मसुद्यावर आलेल्या सूचनांच्या प्रती मागता येतात, मात्र कोणत्या मसुद्याच्या आणि कोणत्या महिन्यातल्या ते सांगता यायला हवं. 'बंदरवाल्यांशी झालेला सर्व पत्रव्यवहार द्या' असा अर्ज केला की 'माहिती मोघम आहे' असं उत्तर येतं.

आणि या बाजूला आपण. मच्छीमार सोसायट्या, आंबा बागायतदार, रस्त्याकाठच्या ग्रामपंचायती. आपल्याला ऐकलं जात नाही असं नाही, कायद्याने जनसुनावणी असते. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे मोठ्या बंदर प्रकल्पाला ती घ्यावीच लागते, तीस दिवस आधी नोटीस देऊन. मांडव घालतात, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी बसतात, व्हिडिओ चित्रीकरण होतं, लोक तळमळून बोलतात. पण ती येते केव्हा ते पाहा. पालघरच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मंजुरी मिळाली फेब्रुवारी २०२० मध्ये. जनसुनावणी झाली जानेवारी २०२४ मध्ये. त्याच जूनमध्ये ७६ हजार कोटींच्या वर खर्चाला अंतिम मंजुरी. मच्छीमारांचा विरोध त्याच्याही कितीतरी आधीपासूनचा, मोर्चे, बंद सगळं करून झालेलं. तरी कागदावर त्यांना बोलायची अधिकृत पाळी आली तोवर तक्ता भरून चार वर्षं झाली होती. संघटना बोलते मसुदा ओला असताना, आपण बोलतो सिमेंट वाळल्यावर. वाढवणबद्दल तुमचं मत काहीही असो, तारखांचा हा क्रम दुसऱ्या कुठल्याही प्रकल्पाला लावून बघा.

आमच्या गावापुरतं सांगायचं तर आम्हीही एकदा निवेदन दिलं होतं. बंदराच्या वाहतुकीने आमच्याकडचा रस्ता पार उखडला होता, शाळेची पोरं कडेच्या गडग्याला चिकटून चालायची, पावसात मोऱ्या तुंबून पाणी अंगणात. बाबल्याच्या ओटीवर बसून मीच मजकूर लिहिला, शुद्धलेखन तपासलं, एकशे चाळीस सह्या घेतल्या, त्यात सहा अंगठे. एका कचेरीत नेऊन दिलं. तिथल्या साहेबांनी चहा पाजला, 'लक्ष घालतो' म्हणाले. दर महिन्याला आम्ही जायचो, दर महिन्याला फाईल 'वर' असायची.

सव्वा वर्षाने एका ओव्हरसियरच्या बोलण्यात आलं की त्या रस्त्याची दर्जोन्नती झालेली आहे. दर्जोन्नती म्हणजे रस्त्याला वरचा दर्जा देणं: इतर जिल्हा मार्गाचा प्रमुख जिल्हा मार्ग झाला की तो जिल्हा परिषदेकडून बांधकाम खात्याकडे जातो, त्याचा निधी वेगळा, रुंदी वेगळी, त्यावर चालणाऱ्या ट्रकची चिंता वेगळी. बंदराच्या मालासाठी रस्ता रुंद करायचा तर पहिली पायरी हीच. ती कोणीतरी मागितली होती आणि कोणीतरी दिली होती, एका परिपत्रकाच्या परिशिष्टात, रस्त्याचा क्रमांक आणि किलोमीटर घालून. रस्त्याचं नाव बदललंय हे त्यावरून रोज चालणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. म्हणजे आमचं निवेदन दिलं त्या दिवसापासून चुकीच्या कचेरीत होतं, आणि तिथे बसलेल्या कोणी ते सांगितलं नव्हतं. त्याची पोच मात्र आम्हाला मिळाली होती. तारीख, सही, गोल शिक्का, सगळं व्यवस्थित.